हात कशात असतात

केसपेपरवर सातवा रकाना धंद्याचा.
तो मी तेवीस वर्षं एकाच शब्दानं भरत आले:
नोकरी.
मरोळच्या विमा दवाखान्याची खिडकी, बाहेर रांग,
माणशी दीड मिनिट.
त्यात नाव, वय, विमा क्रमांक,
बिडी-तंबाखू हो की नाही.
दीड मिनिटात 'नोकरी' बसते.
'क्रोमच्या टाकीत नळाच्या तोट्या बुडवतो'
बसत नाही.

डॉक्टर फुर्टाडो बदलून आल्या वरळीहून.
पहिल्याच आठवड्यात
केसपेपर घेऊन खिडकीशी उभ्या.
"नोकरी म्हणजे काय हो?
हात कशात असतात याचे?"

राग आला होता मला, खरं सांगते.

तरी विचारू लागले. रांग ओरडायची.
कुणाचे हात काचेच्या भुकटीत,
कुणाचे थिनरमध्ये कोपरापर्यंत.
एक जण म्हणाला, "खिशात, ताई. सध्या खिशात."

विश्राम भुवड. साकीनाका, गाळा एकोणीस.
सर्दी म्हणून आलेला.
आधीही तीनदा सर्दीच,
तिन्ही वेळा माझ्या अक्षरात.
नखं पिवळीजर्द.
"हळद होती का घरी कुणाची?"
हसला. "ही हळद धुऊन जात नाही."

डॉक्टरांनी त्याच्या नाकाशी बॅटरी धरली
आणि उजव्या नाकपुडीत सोडलेला उजेड
डावीतून बाहेर आला.
मधल्या पडद्याला भोक,
शर्टाच्या बटणाएवढं.
"दुखत नाही?"
"नाही. आधी झोपेत शिट्टी वाजायची.
बायको म्हणायची, कुणाला बोलावताय एवढ्या रात्री?
आता वाजत नाही. म्हटलं, बरं झालं आपोआप."
डॉक्टर थोडा वेळ काही बोलल्या नाहीत.
भोक मोठं झालं की शिट्टी थांबते,
हे त्यांनी मला नंतर सांगितलं, जिन्यात.

त्या संध्याकाळी शिडी लावून
जुनी बाडं उतरवली.
गाळा एकोणीस, सात माणसं:
सर्दी. घोळणा फुटणे. सर्दी.
त्वचाविकार, अन्य. सर्दी. दमा, अन्य.
अन्य.
किती माणसं मी या शब्दात
नीट घडी घालून ठेवली असतील.

कायद्याला रोगांची यादी जोडलेली असते.
शिसं, पारा, फॉस्फरस, खाली क्रोमचे व्रण.
यादी कपाटातच होती,
तिच्यावर चहाच्या पेल्याचं वर्तुळ.
सात फॉर्म भरले. कारणाच्या रकान्यात
पहिल्यांदाच कारण.

भुवड कुठून तरी कळून धावत आला.
"ताई, माझं नाव नको. बाकी सहांचं घाला."
बाकी सहाही आले एकेक करून,
प्रत्येकानं बाकीच्या सहांची नावं सुचवली.
डॉक्टरांनी सगळ्यांना चहा पाजला
आणि सातांवरही सही केली.

निरीक्षक गेले तेव्हा गाळ्यावर
मोबाइलच्या कव्हरांचा नवा बोर्ड.
टाकी वसईला गेली म्हणतात.
भुवडही गेला टाकीमागे.
त्याची बायको औषधाला येते,
मी विचारते, ती म्हणते, मास्क दिलाय,
खुंटीला असतो.
तिचा माझ्यावर राग आहे की नाही
अजून ओळखता येत नाही मला.

एप्रिलमध्ये मुख्य कचेरीतून फोन:
"क्रोमचे व्रण, सात? गेल्या वर्षी तर शून्य.
एकदम एवढी वाढ?"
"वाढ नाही, साहेब. गेल्या वर्षी विचारलं नव्हतं."
"तसा रकाना नाही आमच्याकडे.
वाढ लिहू की चूक लिहू?"

फोन तसाच धरून
मी मागचं रजिस्टर ओढलं.
होतं शून्य. माझ्याच अक्षरातलं,
गोल, नीटस, आतून रिकामं,
बटणाएवढं.